सहा अंश

बोट तिसऱ्यांदा उत्तरेकडे तोंड करून उभी राहिली आणि होकायंत्र लावून द्यायला आलेल्या नौशीरबाबांनी त्यावर वाकून नाक खाजवलं. त्यांनी नाक खाजवलं की माझी नजर त्यांच्या बुटांपाशी जायची. सकाळपासून पाच वेळा गेली होती.

"मेस्त्री," ते माझ्या वडिलांना, आबांना, म्हणाले, "तुझी बोट लाकडाची. खिळे तांब्याचे. कड्या पितळेच्या. मग ह्या काट्याला भूत कसला लागला?"

"काय झालं, बाबा?"

"उत्तरेला तोंड केला की सहा अंश बाजूला बघते. लाकडी बोटीत एक अंश समजू शकतो मी. दोन समजू शकतो. सहा?"

मी सुकाणूच्या खोलीच्या दाराशी भाकऱ्यांचं फडकं हातात धरून उभी होते. जेवण द्यायला चढले आणि उतरायच्या आत बोट सुटली, म्हणून अडकले. नौशीरबाबांच्या बुटापासून हातभर अंतरावर, होकायंत्राच्या सागवानी पेटीच्या आणि भिंतीच्या मधल्या फटीत, एक लोखंडी खिळा होता. वीतभर लांब, वर लाल दोरा गुंडाळलेला. तो तिथं आहे हे त्या बोटीवर मला एकटीला ठाऊक होतं. मीच ठेवला होता.

आबा म्हणाले, "इंजिन असेल."

"इंजिन." नौशीरबाबांनी पुन्हा नाक खाजवलं. मग खाली बसले. त्यांचं तोंड फटीच्या इतक्या जवळ आलं की त्यांच्या श्वासानं दोरा हलेल असं मला वाटलं. पण त्यांना नुसती पेटी उघडायची होती. आत आडवी भोकं होती. त्यांत त्यांनी लोहचुंबकाच्या बारीक कांड्या सरकवल्या, एक काढली, दुसरी घातली, आणि बोट पुन्हा फिरवायला सांगितली. आठ दिशांना आठ वेळा. दर वेळी टेकडीवरच्या दीपगृहाकडे दुर्बीण लावून ते आकडा बोलायचे आणि आमच्या वाडीतला हसन तांडेल सुकाणू धरून म्हणायचा, "जी." दुपार कलली तेव्हा काटा सरळ झाला. नौशीरबाबांनी आकडे एका जाड कार्डावर लिहिले, पेटीला पितळेचं कुलूप घातलं आणि किल्ली खिशात टाकली.

"आता हा खरं बोलेल," ते म्हणाले.

सापडला नाही, म्हणजे सुटले, असं मला वाटलं. पंधरा वर्षांची होते.

त्रेचाळीस सालचा कार्तिक होता तो. आमची मेस्त्रीवाडी दाभोळ आणि जयगडच्या मधल्या एका लहान खाडीच्या तोंडाशी, दीपगृहाच्या टेकडीखाली. आबांनी तोवर मचवे बांधले होते, फत्तेमाऱ्या बांधल्या होत्या. लढाई लागल्यावर नौदलाला समुद्रातले सुरुंग काढायला लाकडी बोटी हव्या झाल्या, आणि मुंबईहून लेफ्टनंट राजाध्यक्ष नावाचे तरुण साहेब नकाशा घेऊन आमच्या अंगणात आले. ही बोट नीट उतरली तर दुसरीही इथंच, असं त्यांनी सांगितलं होतं. अट एकच. लोखंड नको.

आईला तीच अट पटली नव्हती. आमच्या घराण्यात एक खिळा होता. माझ्या पणजोबांच्या पहिल्या गलबतातला. ते गलबत तुफानातून माघारी आलं होतं. तेव्हापासून नवं तारू उतरलं की घरातली बाई त्या खिळ्याला लाल दोरा बांधायची आणि तो सुकाणूपाशी ठेवायची. तारू मोडीत निघालं की खिळा घरी परत, उंच देवळीत, पुढच्या तारवाची वाट बघत.

"नाव नाय, नुसता नंबर बारा," आई म्हणाली होती. "वर खिळापण नाय. बिनबारशाचं पोर ते. आणि त्यात माझा गुणा जाणार."

गुणाजी माझा थोरला भाऊ. बोटीवर सुतार म्हणून त्याची भरती झाली होती. आबांनी आईला इतकंच सांगितलं, "मी शब्द दिलाय." त्यानंतर तिनं त्यांच्यापाशी विषय काढला नाही. दोन दिवसांनी भाकऱ्या बांधताना तिनं खिळा माझ्या फडक्यात सरकवला. "तुझ्यावर कुणाचं लक्ष नसतं," ती म्हणाली. "सुकाणूच्या डाव्या अंगाला ठेव. बापाला कळता कामा नाय."

होकायंत्र लावून झालं त्याच संध्याकाळी, ऊन असतानाच, राजाध्यक्ष साहेबांनी सगळ्या खलाशांना धक्क्यावर रांगेत उभं केलं आणि खिसे उलटे करायला लावले. चाकू, किल्ल्या, पट्ट्यांची बकलं, सगळं एका टोपलीत पडलं. हसन तांडेलाचा अडकित्ता काढून घेतला तेव्हा तो म्हणाला, "साहेब, अडकित्त्यानं सुरुंग फुटत असता तर माझी बायको कधीच उडाली असती. चाळीस वर्षं तिच्या उशाशी असतो."

खलाशी हसले. साहेब हसले नाहीत.

"तांडेल, तुम्हाला वाटतं सुरुंग म्हणजे पाण्यावर तरंगणारा शिंगांचा गोळा. तो जुना. त्याला बोट धडकावी लागते. हा नवा तळाशी चिखलात पडून असतो. दिसत नाही, जाळ्यात येत नाही. वरून लोखंड गेलं की त्याला कळतं. आंधळ्याला पावलं कळतात तसं. मग तो फुटतो. ज्यांनी पाहिलंय त्यांनी मला सांगितलं, बोट दोन तुकडे होऊन मधून वर उचलली जाते." साहेब आबांकडे वळले. "मेस्त्री, बोटीत लोखंड नाही ना?"

आबांनी बोटीच्या कडेवर पंजा ठेवला. "इंजिनापलीकडं एक टाचणी निघाली तर पुन्हा वाकस हातात धरणार नाय."

गुणादादा रांगेत उभा राहून माझ्याकडे बघून डोळे मिचकावत होता. मला त्याचं तोंड दिसत होतं आणि दोन तुकडे होऊन वर उचललेली बोट दिसत होती. रात्रभर तेच दिसलं. आईला सांगावं तर ती म्हणाली असती, खिळ्यानं आजवर कुणाचं वाईट केलं नाय. आबांना सांगावं तर त्यांनी लाकूड तासायचा तो वाकस कायमचा टाकला असता.

शुक्रवारी उजाडताच आईनं ओवाळायला ताट दिलं. मी सगळ्यांच्या आधी बोटीवर चढले. सुकाणूच्या खोलीत कुणी नव्हतं. फटीत हात घातला. खिळा गार लागला. त्याचं डोकं पुढच्या बाजूला होतं आणि टोक माझ्याकडे, हे मला आजही आठवतं, कारण टोक बोटाला लागून रक्त आलं. खिळा कमरेला खोचला, वर पदर घेतला आणि बाहेर आले. गुणादादा समोर उभा.

"काय गो चंद्रे, आत काय करत होतीस?"

"कुंकू लावत होते."

"बोटाला?"

मी हात पदराखाली घेतला. त्यानं माझ्या डोक्यावर टप्पल मारली आणि दोरखंड सोडायला गेला. साडेसातला ओहोटीबरोबर नंबर बारा मुंबईला जायला खाडीबाहेर पडली. आई धक्क्यावर हात जोडून उभी होती. माझ्या कमरेला खिळा टोचत होता. आता दादाला काही होत नाही, एवढंच मी मनात म्हणत होते.

नौशीरबाबांची बैलगाडी नऊला यायची होती. तोवर ते आमच्या ओटीवर घावणे खात बसले. मुंबईचे वयस्कर पारशी गृहस्थ, डोक्यावर काळी टोपी, चहा बशीत ओतून पिणारे. आबा खांबाला टेकून बसले होते. आई आत चुलीपाशी. मी घावणे वाढत होते, आणि जीव हलका झाल्यामुळं मला बोलावंसं वाटत होतं.

"बाबा, होका बिघडतो कसा?"

"बिघडत नाही, डीकरी. तो बिचारा खरंच बोलते. शेजारी लोखंड आला की लोखंडाचं ऐकते. माझ्या हाताखाली एक आगबोट होती. कप्तानाच्या खोलीत, भिंतीच्या पलीकडं, लोखंडी तिजोरी. मी तिजोरीसकट होका लावला. दहा वर्षं एकदम बरोबर. मग नवा कप्तान आला, त्यानं तिजोरी दुसऱ्या खोलीत नेली. पंधरा दिवसांत आगबोट खडकावर."

माझ्या हातातला झारा थांबला.

"पण तिजोरी काढली ना? लोखंड गेलं, मग होका उलट खरा व्हायला हवा."

"सगळे असंच म्हणतात." नौशीरबाबांनी बशी खाली ठेवली. "हे बघ. एक माणूस आहे. चालताना डावीकडं कलते. मी काय केला? त्याच्या उजव्या हातात पाण्यानं भरलेली बादली दिली. आता तो सरळ चालते. बरोबर? उद्या त्याचा कलणं गेलं, पण बादली हातात तशीच. आता तो कुठं जाईल?"

"उजवीकडं," मी म्हटलं.

"बस. माझ्या कांड्या म्हणजे ती बादली. पेटीत बंद, वर कुलूप." त्यांनी खिसा थोपटला. "लोखंड असला तरी चालेल. होता तिथं राहायला पाहिजे."

अंगणात कोंबडी ओरडत होती. ती मला लांबून ऐकू आली.

"सहा अंश म्हणजे किती हो, बाबा?"

"दहा मैल गेला की एक मैल बाजूला."

"आणि मुंबईला जायची वाट केवढी असते?"

"समुद्र केवढा मोठा आहे! पण शेवटी बंदराच्या बाहेर आपल्याच लोकांनी सुरुंग पेरलेत, दुश्मन आत येऊ नये म्हणून. मधून अर्ध्या मैलाची वाट ठेवली आहे. पहाटे पोचतील. लढाईमुळं दिवे सगळे झाकलेले. होका सांगेल तसं जायचं." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "तू पांढरी का झाली?"

मी आबांकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर बोललेच नसते. कमरेचा खिळा काढला आणि घावण्यांच्या ताटलीत ठेवला. लाल दोऱ्याला तूप लागलं.

"हा काल पेटीच्या मागं होता," मी म्हटलं. "आज सकाळी मी काढला."

आत चुलीपाशी भांडं वाजायचं थांबलं. नौशीरबाबांनी खिळा उचलला नाही, फक्त बघत राहिले. "इंजिन," ते स्वतःशीच म्हणाले. "मी गाढव. इंजिन म्हणाला." मग टोपी सारखी करत उठले. "मेस्त्री, किती वेळ झाला सुटून?"

आबा उठले होते. त्यांचा चेहरा मला आठवत नाही, कारण मी त्यांच्या पायांकडे बघत होते. पाय माझ्या दिशेनं दोन पावलं आले आणि थांबले.

"तास होत आला," ते म्हणाले. "टेकडीवरून अजून दिसतील. धूर करू."

आमच्या खाडीत वाऱ्याची भीती असली की टेकडीवर ओल्या पाल्याचा धूर करायचे. जिथं असाल तिथून माघारी या, असा त्याचा अर्थ. नौदलाच्या पोरांना तो कळला नसता. हसन तांडेलाला कळला असता, पण त्यानं मागं बघायला हवं होतं.

दारात आई उभी होती. "निघालेल्याला मागून हाक मारायची?" ती म्हणाली. "पहिल्याच फेरीला?"

ती आत गेली. मला वाटलं, रडायला गेली. ती बाहेर आली तेव्हा हातात खापर होतं, आणि खापरात चुलीतले निखारे. आम्हा सगळ्यांच्या पुढं तीच टेकडी चढली. निखाऱ्यांची धग लागून तिच्या मनगटावर फोड आले, ते घरी आल्यावर दिसले.

दीपगृहापाशी सुकं गवत पेटवलं आणि वर काजूच्या ओल्या फांद्या टाकल्या. दाट पांढरा धूर उभा राहिला. समुद्रावर नंबर बारा नखाएवढी दिसत होती. दीपगृहाच्या चौकीवरच्या शिपायानं इशाऱ्याचा दिवा उघडझाप केला. उत्तर नाही. पुन्हा केला. बोट लहान होत चालली होती. मी फांद्या ओढून आणत होते आणि दर खेपेला वाटायचं, आता वर बघितलं की ती नसेल.

"पहिल्या फेरीला खलाशी मागं बघत नाय," आबा म्हणाले. त्या सकाळी टेकडीवर ते एवढंच बोलले.

किती वेळ गेला सांगता येत नाही. माझ्या हाताला काजूचा चीक लागून कातडी जळत होती. मग शिपाई म्हणाला, "आडवी झाली." मला काही कळेना. नौशीरबाबांनी दुर्बीण लावली. नखाएवढी बोट लांबट दिसत होती. कूस दिसत होती तिची. मग पुन्हा आखूड झाली, आणि मोठी व्हायला लागली.

ओहोटीनं पाणी उतरल्यामुळं बोटीला खाडीत शिरता येईना. बाहेरच नांगर टाकला. आबांनी लहान होडी काढली. नौशीरबाबा मागं, मी पुढं, आबा वल्ह्यावर. खिळा माझ्या मांडीवर होता. आबा माझ्याकडं पाठ करून वल्हवत होते. मधेच, वल्हं न थांबवता, त्यांनी विचारलं, "कुणी दिला?"

"मीच घेतला," मी म्हटलं.

दोन-तीन वल्ही पडली. "तुझा हात देवळीपर्यंत पोचत नाय," ते म्हणाले. पुढं काही विचारलं नाही.

राजाध्यक्ष साहेब कठड्याशीच उभे होते. आबा वर चढले, हात जोडले नाहीत, मान खाली घातली नाही. "साहेब, शब्द मी दिला होता. माझ्या घरातनं मोडला." आणि सगळं सांगितलं, आईचं नाव सोडून.

साहेबांचा जबडा हलत होता. "मेस्त्री, या बोटीवर चौदा माणसं आहेत."

"त्यातलं एक माझं हाय."

"तुमच्या शब्दाचं मी मुंबईला गेल्यावर बघतो." ते नौशीरबाबांकडे वळले. "कांड्या काढून पुन्हा सगळं लावायला किती वेळ?"

"तीन तास. कमी नाही."

"तीन तास माझ्याकडं नाहीत. पहाटेची वेळ चुकली तर बंदर आणखी एक दिवस बंद."

"मग दुसरा रस्ता आहे," नौशीरबाबा म्हणाले. "खिळा जिथं होता तिथं परत. तसाच, त्याच तोंडानं. एका खिळ्यानं तुमचा सुरुंग जागा होत नाही साहेब, तुमचा इंजिन केवढा मोठा आहे. पण खिळा कसा होता ते फक्त ही पोरगी सांगेल."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. गुणादादा इंजिनाच्या दारात उभा होता. आज तो डोळे मिचकावत नव्हता.

मी पेटीपाशी बसले. फटीचं तोंड शोधताना खिळा कडेवर इकडं-तिकडं वाजला. वर काचेखाली काटा माझ्या हाताबरोबर डोलत होता. उजवीकडे, डावीकडे.

"बघितला?" नौशीरबाबा हळूच म्हणाले. "तू हात हलवते, मुंबई हलते. सावकाश. डोकं कुठं होता?"

"पुढं. टोक माझ्याकडं."

"खोल किती?"

मी बोट दाखवलं. सकाळी टोचलेली जागा. तेवढं आत गेलं की टोक लागायचं. खिळा सरकवला, बोट घातलं, टोक त्याच जखमेवर आलं. हात काढून घेतला. काटा डोलला, डोलला आणि थांबला. बोट तीन दिशांना फिरवून नौशीरबाबांनी टेकडीकडं दुर्बीण लावली आणि आकडे कार्डाशी ताडून बघितले. मग गुणादादानं फटीवर सागवानी पट्टी तांब्याच्या चुकांनी ठोकली. प्रत्येक ठोक्याला मी काट्याकडं बघत होते.

उतरताना मी हसन तांडेलाला विचारलं, "चाचा, तुम्ही मागं कसं बघितलंत?"

"मी नेहमी बघतो गो बाय. होका काय सांगायचं ते सांगो, मी टेकडीला विचारतो. आज होक्याच्या हिशोबानं टेकडी जागेवर नव्हती. मला वाटलं, म्हातारा झालो. मग धूर दिसला."

बोट गेली. त्या रात्री आमच्या घरात कुणी दिवा विझवला नाही. पाचव्या दिवशी टपालानं गुणादादाचं कार्ड आलं. चार शब्द. 'पोचलो. वाट मधोमध सापडली.' आई ते कार्ड पदरात बांधून फिरायची. दुसरी बोट आमच्याकडं आली नाही. ती कुठं बांधली ते आबांनी कधी विचारलं नाही. वाकस त्यांनी ठेवून दिला. त्यानंतर वाडीतल्या पोरांनी मचवे बांधले आणि आबा बसून नुसतं सांगत राहिले. माझ्याशी ते बोलायचे, जेवण, पाणी, एवढ्यापुरतं. त्या शुक्रवाराविषयी नाही.

लढाई संपली. नंबर बारा लिलावात मोडीत गेली, आणि सेहेचाळीसच्या होळीला गुणादादा घरी आला. ट्रंकेतून त्यानं खिळा काढला. दोरा काळा पडला होता. खिळ्याबरोबर होकायंत्राचं जाड कार्ड होतं.

आबांना वाचता येत नसे. "काय हाय त्यावर?" त्यांनी मला विचारलं.

वर आकड्यांच्या दोन रांगा होत्या. खाली, वेगळ्या शाईत, नौशीरबाबांचं वाकडंतिकडं मराठी. मी वाचलं. "डाव्या बाजूस खिळा एक, लोखंडी, मेस्त्रीच्या घरचा. हलवू नये." त्याखाली राजाध्यक्ष साहेबांची सही.

"साहेबानं सही केलीय?"

"होय."

"परत वाच."

मी परत वाचलं. आबा उठले, वाकस घेतला आणि दगडावर पाणी टाकून त्याला धार लावायला बसले.

वैशाखात त्यांनी हसन तांडेलाचा मचवा उतरवला. सगळी वाडी धक्क्यावर जमली होती. आई फडक्यात भाकऱ्यांखाली खिळा बांधून नेहमीसारखी मागच्या फळीवरून चढायला लागली. आबांनी तिला थांबवलं.

"समोरून ये," ते म्हणाले. "ताटात घेऊन ये."

आई घरी गेली आणि ताट घेऊन आली. खिळ्याला नवा लाल दोरा होता. सगळे बघत असताना ती पुढच्या फळीवरून चढली, सुकाणूपाशी गेली आणि खिळा ठेवला. आबांनी तिचा हात बाजूला झाल्यावर वाकून जागा नीट बघितली, आणि मग सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले,

"तांडेल, सुकाणूच्या डाव्या अंगाला लोखंडी खिळा हाय. होका तसा बघून घे."